अंगणात, झाडांवर, आता अंथरुणातही बारक्या लाल मुंग्या. हवाईतल्या कुणी उपाय सांगेल का?

नाशिकची_पुनात

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण खरंच वैतागलेय.

आम्ही हवाईच्या बिग आयलंडवर राहतो, पुना भागात, पाहोआच्या अलीकडे. एकरभर जागा आहे, अर्धी साफ केलेली आणि अर्धी तशीच रानटी. पपया, केळी, एक म्हातारं आंब्याचं झाड, एक अ‍ॅव्होकाडो, कुंपणाला टी नावाचं रुंद पानांचं झुडूप लावलेलं. घर घेतलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि आता समजतंय की या भागात हा त्रास घराघरात आहे.

मुंग्या इतक्या बारीक आहेत की तिळाच्या अर्ध्याच म्हणा, पिवळट केशरी रंगाच्या आणि अगदी हळू चालतात. केळीचा घड उतरवायला गेलं की वरून मानेवर, कॉलरच्या आत पडतात आणि पडल्या हे कळतच नाही, कपडा घासला की मग आग आग होते. दोन-तीन दिवस खाज, बारीक लाल पुळ्या. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणायची सोय नाही. आता तर मुलाच्या उशीखाली सापडल्या, चार वर्षांचा आहे तो, रात्री रडत उठतो. त्यात आमच्या मांजरीच्या एका डोळ्यात पांढुरका ठिपका दिसतोय, त्याचा आणि मुंग्यांचा संबंध असतो असं शेजारच्या बाई म्हणाल्या, खरं आहे का?

एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं, त्याने घराभोवती स्प्रे मारला, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. वारूळ कुठे दिसत नाही, मग मारायचं तरी कशाला? आणि आमचं पाणी छतावरचं, पावसाचंच टाकीत साठवलेलं वापरतो, त्यामुळे वाट्टेल ते औषध मारायची भीती वाटते. पाऊस तर इथे रोजचाच. कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

मालवणी_माणूस

ताई, आमच्याकडे कुडाळात आंब्याकाजूवर हुमले असतात, पानं शिवून घरटं करतात आणि चावले की नाचायलाच लागतं माणूस. त्याला आम्ही काही करत नाही, काढणीच्या आधी राख उधळतो अंगाला नि झाडाला. तुमच्याकडचे तेच असावेत. घरात हळद टाका दारात, नाहीतर इथून कुणी येत असेल तर मुंग्यांचा खडू मागवून घ्या, एक रेघ मारली की आत येत नाहीत.

हिलोत_वीस_वर्षं

मालवणी दादा, राग मानू नका पण हे ते नव्हेत. हुमले लांब पायांचे, चपळ, लांबून दिसतात आणि ते चावतात. ताई ज्या सांगतायत त्या लिटिल फायर अँट, शास्त्रीय नाव वासमानिया ऑरोपंक्टाटा, जेमतेम दीड मिलिमीटर लांब, आणि या डंख मारतात. दोन्हीचं वागणं एवढं वेगळं आहे की एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर वर्ष फुकट जाईल. आणि खडू तर कृपा करून मागवू नका, ते कीटकनाशक खडू अमेरिकेत विकायला बेकायदा आहेत, लहान मूल खडू म्हणून तोंडात घालतं म्हणूनच. चार वर्षांचं पोर आहे घरात.

ताई, आता तुमच्याकडे वळतो, लांबेल थोडं पण सगळं सांगतो कारण अर्धं सांगून उपयोग नाही.

ही मुंगी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. हवाईत मुळात एकही मुंगीची जात नव्हती, आज दिसतात त्या सगळ्या माणसाने आणलेल्या. ही १९९९ मध्ये तुमच्याच पुनात, हवाइयन पॅराडाइज पार्कमध्ये पहिल्यांदा सापडली, त्याआधी किती वर्षं होती देव जाणे. कुंड्यांतून, रोपांतून, झाडांच्या ओंडक्यांतून पसरली आणि आता बिग आयलंडचा ओला भाग बहुतेक भरलाय. त्यामुळे बेटावरून ती जाईल ही आशा सोडा, पण तुमच्या एकरातून ती इतकी कमी करता येते की पोरगं अंगणात अनवाणी खेळेल. हे मी ऐकीव नाही सांगत, माझ्या बागेत आज तसं आहे.

तुम्हाला वारूळ दिसत नाही कारण ती वारूळ करतच नाही. पालापाचोळ्याखाली, लाव्हाच्या फटीत, मॅकाडेमियाच्या रिकाम्या कवचात, कुंडीच्या तळाशी, टीच्या पानांच्या बेचक्यात, केळीच्या सोपटांच्या मध्ये, नारळाच्या शेंड्यात, जिथे ओल आणि आडोसा तिथे घरटं. एकेका घरट्यात राण्या एक नाही, अनेक. शेजारशेजारची घरटी एकमेकींशी भांडत नाहीत, सगळी मिळून एकच मोठी वसाहत असल्यासारखी राहतात. म्हणून जमिनीवर कितीही मारा, निम्मं सैन्य वर झाडावर बसलेलं असतं आणि वाऱ्याने फांदी हलली की तुमच्या मानेवर पडतं.

आता स्प्रे का फसला ते बघा. बाहेर फिरताना दिसतात त्या फक्त अन्न शोधायला निघालेल्या कामकरी मुंग्या, वसाहतीतला लहानसा हिस्सा. स्प्रेने त्या मरतात, राण्या आत सुखरूप अंडी घालत बसतात. त्यात स्प्रेचा वास-अंश जिथे राहतो तिथे पुढे आमिष टाकलं तर त्या त्याला शिवत नाहीत, म्हणजे दुहेरी नुकसान. आपल्याला मुंग्या मारायच्या नाहीयेत, मुंग्यांच्या हातून राणीपर्यंत औषध पोचवायचंय. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते.

पहिलं काम औषध आणायचं नाही, कुठे किती आहेत ते बघायचं. चॉपस्टिक घ्या किंवा आइसक्रीमच्या काड्या, टोकाला पीनट बटरचा अगदी पातळ थर लावा, गोळा नको, गोळ्यात मुंग्या रुतून बसतात आणि मोजता येत नाहीत. सकाळी, ऊन तापायच्या आत, सावलीच्या जागी ठेवा, झाडाच्या बुंध्याशी, फांदीच्या बेचक्यात, कुंड्यांच्या मध्ये, पायरीखाली, कचऱ्याच्या डब्याजवळ. तासाभराने जा. ज्या काडीवर बारक्या केशरी मुंग्यांची रांग लागून पीनट बटर दिसेनासं झालं तिथे जोर जास्त. काडी अलगद झिपलॉकच्या पिशवीत टाका, पिशवीवर जागा लिहा, एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे मरतात. खात्री करायची असेल तर हीच पिशवी हिलो शहरातल्या हवाई अँट लॅबला पाठवा, ते ओळख फुकट करून देतात. कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढून काड्यांच्या जागांवर खुणा करा, पुढे हाच नकाशा तुम्हाला सांगेल की काम होतंय की नाही, कारण डोळ्यांना ते लवकर दिसणार नाही आणि तिथेच लोक कंटाळून सोडतात.

औषधाचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, जेवून येतो.

केर्न्सची_मृदुला

ऑस्ट्रेलियात हिलाच इलेक्ट्रिक अँट म्हणतात! आमच्याकडे केर्न्सला २००६ मध्ये स्मिथफील्ड भागात सापडली तेव्हापासून सरकार मागे लागलंय तिच्या, वासावर मुंग्या शोधणारे कुत्रे शिकवून तयार केलेत, ज्या भागात सापडते तिथून माती, पालापाचोळा, कुंड्या, बागेचा कचरा बाहेर न्यायला बंधनं. माझ्या मैत्रिणीच्या गल्लीत सापडली होती तर कर्मचारी दर काही आठवड्यांनी घरोघर येऊन आमिष टाकून जायचे, कुणी नाही म्हणू शकत नव्हतं.

मला त्यातून एकच गोष्ट कळली ती सांगते, ही मुंगी स्वतःहून लांब जात नाही. राण्या उडून दूर जात नाहीत, थोड्या कामकऱ्या घेऊन चालत बाजूला सरकतात एवढंच. लांब नेतो तो माणूस. म्हणून ताई, पहिल्या दिवसापासून तुमच्या घरात येणारी प्रत्येक कुंडी, रोप, मल्चची गोणी, कुणी दिलेला केळीचा कोंब, सगळं पीनट बटरच्या काडीने तपासल्याशिवाय आत घेऊ नका. आणि तुमच्याकडचं दुसऱ्याला देतानाही तसंच. मराठी माणसाला रोपं वाटायची भारी हौस, गणपतीला आलेल्या पाहुण्याच्या हातात आपण अळूचा कांदा ठेवतोच, पण इथे त्याच्यासोबत काय जातंय ते बघायला हवं.

हिलोत_वीस_वर्षं

मृदुलाताई अगदी बरोबर. ओआहू बेटावर २०१३ मध्ये ही सापडली ती बिग आयलंडहून गेलेल्या हापूऊच्या ओंडक्यांबरोबर. हापूऊ म्हणजे इथला झाडासारखा उंच नेचा, त्याचे ओंडके बागेत शोभेला लावतात.

आता औषध. दोन प्रकार लागतील, जमिनीसाठी दाणेदार आणि झाडांसाठी जेल.

दाणेदार आमिष म्हणजे मक्याची भरड सोयाबीनच्या तेलात भिजवलेली, त्या तेलात औषध. अ‍ॅम्ड्रोमध्ये हायड्रामेथिल्नॉन असतं, सिएस्टामध्ये मेटाफ्लुमिझोन. मुंगी तेलाच्या लोभाने दाणा उचलते, घरट्यात नेते, एकमेकींना भरवतात आणि राणीपर्यंत जातं. औषध मुद्दाम सावकाश काम करणारं असतं, लगेच मेली तर ती पोचवणार कशी? दाणे ओंजळीने ढीग करून टाकू नका, हाताने फिरवायचं लहान स्प्रेडर मिळतं, त्याने सगळीकडे विरळ पसरा. ओला झालेला दाणा वाया गेला असं समजा, आणि ऊनही त्या औषधाला मानवत नाही. त्यामुळे दिवस निवडायचा तो असा की जमीन वरून कोरडी आहे, पुढचे काही तास पाऊस नाही आणि ऊन उतरलंय. हिलोत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मला माहितेय असा दिवस मिळणं म्हणजे काय, पण मिळतो, हवामानाचं रडार बघत बसायची सवय लावून घ्या. पाकीट उघडलं की तेल खवट व्हायला लागतं आणि खवट दाण्याला त्या तोंड लावत नाहीत, म्हणून मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून आणू नका, उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि या दाण्यांपैकी बरेचसे भाजीच्या वाफ्यात किंवा फळझाडाखाली चालत नाहीत, लेबलवर जिथे टाका म्हटलंय तिथेच टाका, अमेरिकेत लेबल म्हणजे कायदाच आहे.

झाडांसाठी जेल घरी करावं लागतं. टँगो नावाचं औषध मिळतं, त्यात एस-मेथोप्रीन असतं. ते मुंग्या मारत नाही, ते पिल्लांची वाढच होऊ देत नाही, त्यामुळे राणीने घातलेल्या अंड्यांतून नवीन कामकऱ्या तयार होत नाहीत आणि आहेत त्या म्हातारपणाने मरतात. खाण्याच्या झाडांवर चालतं ही त्याची मोठी सोय, पपई-केळीवर दुसरं काही टाकायची माझी हिंमत होत नाही. पाणी, खाण्याचं तेल, पीनट बटर, झँथन गम (मिश्रण घट्ट करणारी पूड) आणि टँगो असं एकजीव घोटायचं, प्रमाण अँट लॅबच्या पत्रकात नीट लिहिलंय ते तंतोतंत पाळा, अंदाजपंचे नको. ड्रिल मशीनला रंग ढवळायची दांडी लावून घोटलं तर मस्त होतं, चमच्याने केलं तर गम गाठी धरतो आणि मग पिचकारीचं तोंड बंद पडतं. जेल घट्टसर मोहरीच्या सॉससारखं दिसलं आणि बाटली उलटी केल्यावर हळूहळू ओघळलं की जमलं. केलं त्या दिवशीच संपवा.

पिचकारीच्या बाटलीने बुंध्यावर, फांद्यांवर, पानांच्या बेचक्यात दर तीनेक फुटांवर एकेक फराटा मारत जा. झँथन गममुळे ते ओल्या सालीवरही चिकटून राहतं. वर हात पोचेल तेवढंच नाही, जमेल तितकं झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलं पाहिजे, नारळाला आणि उंच आंब्याला लांब फेकणारी पिचकारी लागते. झाड सोडलं तर तिथूनच खाली परत वसाहत उतरते. बहुतेकांचा घोळ इथेच होतो, जमीन व्यवस्थित करतात आणि झाडाकडे बघत नाहीत.

मग दर चार ते सहा आठवड्यांनी हेच. एकदा-दोनदा नाही, वर्षभर. मधला हप्ता चुकला की राण्या पुन्हा पिल्लं वाढवतात. मेथोप्रीनचा परिणाम दिसायला पहिले दोन महिने जातात, तेवढ्यात आहेत त्या कामकऱ्या फिरतच राहतात, तेव्हा घाबरून स्प्रे मारू नका. तीन-तीन महिन्यांनी काड्या ठेवून नकाशा बघा.

नाशिकची_पुनात

बापरे, केवढं लिहिलंत, खूप खूप आभार दादा. सगळं प्रिंट काढून फ्रीजवर लावलंय. काही शंका आहेत अजून. टाकीच्या पाण्याचं काय करायचं? घराच्या आत, अंथरुणात आहेत त्यांचं काय, तिथे जेल लावायचं का? मागच्या प्लॉटवर कुणी राहत नाही, रान माजलंय, तिकडून येतच राहणार ना? आणि मांजरीचं कुणी सांगेल का.

हिलोत_वीस_वर्षं

टाकीचं आधी. छतावर, गटारांत म्हणजे छताच्या पन्हाळीत, आणि छतावर झुकलेल्या फांद्यांवर काहीही टाकायचं नाही, ना स्प्रे ना दाणे ना जेल. छतावर झुकलेल्या फांद्या आधी छाटून टाका, त्याने दुसराही फायदा होतो, मुंग्यांचा घरात यायचा पूल जातो. भिंतीला टेकलेली टी, वायरीवर चढलेली वेल, सगळं घरापासून हातभर लांब करा. टाकीजवळ दाणे टाकताना टाकीचं झाकण आणि जाळी नीट बंद आहे ना बघा.

घरातल्या मुंग्या बहुतेक बाहेरूनच येतात, बाहेरच्या कमी झाल्या की आतल्या आपोआप ओसरतात. तोपर्यंत पलंग भिंतीपासून सरकवा, पांघरूण जमिनीला लागू देऊ नका, चादरी-उशा गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये कडक वाळवा. दिसलेल्या मुंग्या साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या, साबणाने मरतात आणि त्यांच्या रांगेचा वासही जातो. उष्टं-खरकटं रात्री सिंकमध्ये नको. आत काही ठेवायचंच असेल तर बंद डब्यातलं आमिष मिळतं ते, मुलाचा हात पोचणार नाही असं. घराभोवती जमिनीवर राहून काम करणारं औषध शेवटी मारता येतं, कुंपणासारखं, पण आमिषाच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर आणि आमिषाच्या जागा सोडून, नाहीतर मघाशी म्हटलं तसं आमिष वाया जाईल.

मागच्या प्लॉटचं मात्र खरं दुखणं आहे. मालकाचा पत्ता काउंटीच्या मालमत्ता नोंदीत सापडतो, पत्र लिहून हद्दीपासून काही फूट आत जेल-दाणे टाकायची परवानगी मागा, बहुतेक लोक देतात. बिग आयलंड इनव्हेसिव्ह स्पीशीज कमिटी वस्तीतल्या लोकांना एकत्र जमवून शिकवते, त्यांना विचारा. आमच्या गल्लीत आम्ही सगळ्यांनी एकाच शनिवार-रविवारी टाकायचं ठरवलं आणि फरक तिथून पडला, एकट्याने करत होतो तेव्हा कडेच्या दोन रांगा कायम भरलेल्या असायच्या. शेजारच्या बाई आहेत ना म्हणालात, त्यांच्यापासून सुरुवात करा. पोहे-चहाला बोलवा आणि दोघींच्या अंगणात काड्या ठेवा.

प्राण्यांची_डॉक्टर

मी पुण्यात प्रॅक्टिस करते, हवाईत नाही, पण मांजरीबद्दल लिहिते. ज्या भागात ही मुंगी आहे तिथल्या कुत्र्या-मांजरांच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, पांढरे ढगाळ डाग येतात हे खूप ठिकाणी पाहिलं गेलंय, आणि डोळ्यावर वारंवार डंख बसल्याने ते होतं असं मानतात. प्राणी खाण्याच्या भांड्यात तोंड घालतो, भांड्यावर मुंग्या असतात, त्यात डोळे.

पण पांढरा ठिपका म्हणजे तेच असं घरी ठरवू नका. कॉर्नियावर जखम असली तरी पांढरं दिसतं, आणि ती जखम असताना घरातले स्टिरॉइडवाले थेंब घातले तर डोळा जाऊ शकतो. माणसाच्या डोळ्याचं कुठलंही औषध मांजरीला घालू नका. ती डोळा बारीक करतेय का, पाणी येतंय का, पंजाने घासतेय का बघा, यातलं एक जरी असेल तर आजच व्हेटकडे न्या. नसेल तरी या आठवड्यात दाखवा.

घरी करण्यासारखं म्हणजे खाण्याचं भांडं एका पसरट ताटलीत साबणाचं पाणी घालून त्याच्या मधोमध ठेवा, मुंग्या ओलांडत नाहीत. खाऊन झालं की भांडं उचला, दिवसभर ठेवू नका. तिची झोपायची गादी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. आणि जेल टाकल्या दिवशी ती ओला बुंधा चाटायला जाणार नाही एवढं बघा, पीनट बटरचा वास येतो त्याला.

मुलाचंही सांगून ठेवते, डॉक्टर माणसांची नसले तरी. डंखाची जागा धुऊन बर्फ लावा, खाजवू देऊ नका. पण कधी ओठ-चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा अंगभर गांधी उठल्या तर वाट न बघता ९११.

मालवणी_माणूस

हिलोवाले दादा, माझं चुकलं असेल तर माफी, इथे वाचून डोळे उघडले. पण एक विचारतो. आमच्या परसात माडाच्या आळ्यात आणि ठिबकच्या नळीजवळ तांबड्या मुंग्यांची भुसभुशीत मातीची वारुळं असतात, पाय पडला की दहा-वीस एकदम डंख मारतात, पाण्याचा फोड येतो. त्यांच्यात काहींची डोकी एवढी मोठी की बेढब दिसतात. ही पण तुमचीच का?

हिलोत_वीस_वर्षं

माफी कसली दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. वर्णनावरून ती ट्रॉपिकल फायर अँट दिसतेय, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. मोठ्या डोक्याच्या कामकऱ्या ही तिची खूण, त्या डोक्याने बिया फोडतात. तीही मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजं मेक्सिकोच्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला जायची, त्यांच्यात भरलेल्या मातीतून ती आशियात आली असं जनुकांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये दाखवलंय. म्हणजे कोकणात ती पाहुणी असली तरी फार जुनी.

तिचं बरं हे की वारूळ दिसतं. परसातली मोजकी वारुळं असतील तर थंड सकाळी, मुंग्या वर असताना, मोठं पातेलंभर उकळतं पाणी सावकाश ओता, आठवड्याने परत बघा, जिथे हालचाल दिसेल तिथे पुन्हा. माडाच्या अगदी मुळाशी नको, मुळं भाजतील. रॉकेल, पेट्रोल ओतून पेटवणारे लोक आहेत, ते मात्र अजिबात करू नका, माती मरते आणि विहीर जवळ असेल तर पाणी नासतं. आणि त्या उकळत्या पाण्याचा उपाय ताईंनी लिटिल फायर अँटवर करू नये, तिचं घरटं एका जागी नसतंच.

तुमच्या हुमल्यांना मात्र हात लावू नका, बागेतल्या किड्यांना ते खातात, तुमचे मित्र आहेत ते.

केर्न्सची_मृदुला

अजून एक राहिलं ताई. झाडावर मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड दिसतेय का बघा, पपईच्या पानाखाली आणि टीच्या गाभ्यात विशेष. हे किडे गोड चिकटा सोडतात आणि मुंग्या तो खाण्यासाठी त्यांची राखण करतात, त्यामुळे एक वाढलं की दुसरं वाढतं. पान काळं-चिकट झालं असेल तर मुंग्यांचा अड्डा तिथेच. त्या फांद्या छाटा, पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने किडे धुवून काढा, पण जेल टाकायच्या आधी एक दिवस, नंतर नाही.

आणि धीर सोडू नका. गॅलापागोसमधल्या मार्चेना बेटावरून ही मुंगी आमिष टाकूनच पूर्ण काढली होती. तुमच्याच हवाईत माउई बेटावर वाइहेएला २००९ मध्ये सापडलेली वसाहतसुद्धा संपवली.

नाशिकची_पुनात

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजरीला उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. काड्या आजच ठेवल्या, आंब्याच्या बेचक्यातली काडी तर तासाभरात पूर्ण केशरी झाली, बघून अंगावर काटा आला, पण पपईच्या ओळीतल्या दोन काड्यांवर एकही नाही याचं आश्चर्य वाटलं. शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडेही काड्या ठेवू दिल्या, त्यांच्याकडे फणसाखाली सगळ्यात जास्त आहेत. या शनिवारी दोघी मिळून जेल करणार आहोत, ड्रिल त्यांच्या मुलाकडे आहे.

दादा, फक्त एक, आंबा चाळीसेक फूट उंच आहे, शेंड्यापर्यंत कसं पोचायचं? शिडीवर चढायची आमची तयारी नाही, वरून अंगावर पडतील.

हिलोत_वीस_वर्षं

शिडी नकोच. पाठीवरचा पंप मिळतो त्याची बारीक जाळीची टोपी काढून सरळ धार मारणारी टोपी लावा, जेल थोडं पातळ करायची रीत पत्रकात दिलेली आहे, वीस-पंचवीस फूट सहज जातं. त्याच्या वरचं नाही पोचलं तरी चालेल, बुंधा आणि सगळ्या मोठ्या फांद्यांचे सांधे भरून टाका, खाली-वर करताना मुंग्यांची वाट तिथूनच असते. रुंद काठाची टोपी, गळ्याला बंद असा शर्ट, शर्टाच्या बाह्या हातमोज्यांत खोचून घ्या, चष्मा लावा आणि वाऱ्याकडे पाठ करून मारा. पपईच्या रिकाम्या काड्यांच्या जागाही नकाशावर लिहून ठेवा, रिकामं दिसलं म्हणून ती ओळ वगळू नका. पहिल्या फेरीला सगळं अंगण घ्यायचं.

छाटलेल्या फांद्या ग्रीन वेस्टला, म्हणजे बागेचा कचरा जमा करायच्या जागी, नेऊ नका हो, त्याच अंगणात एका कोपऱ्यात रचून त्या ढिगावरही दाणे टाका.